मांडीवरचं ठिगळ

९ मार्च

प्रिय ताई,

तुझी दोन्ही पत्रं मिळाली. उत्तर लिहायचं राहिलं. कागद काढून बसायचो आणि थोड्या वेळानं उठायचो. फोनवर तुला नीट ऐकू येत नाही, आणि भाऊजींच्या फोनवर मेसेज टाकला की ते सगळ्या घराला मोठ्यानं वाचून दाखवतात. म्हणजे लिहिण्यावाचून गत्यंतर नाही, आणि लिहायला तर काही नाही, असं चाललं होतं.

आज विचारण्यासारखं काहीतरी सापडलं. ताणल्या जाणाऱ्या जीन्सला ठिगळ कसं लावतात? तुझ्या दुकानात असल्या जीन्स रोज येत असतील.

हिची जीन्स आहे. निळी, अंगाला चिकटून बसणारी. रोपवाटिकेत दिवसभर उकिडवं बसून कुंड्या भरायच्या असतात, म्हणून ही असलीच वापरते. दोन्ही मांड्यांच्या आतल्या बाजूला, पाय एकमेकांना घासतात तिथे, कापड विरलंय. उजेडासमोर धरलं की पलीकडची खिडकी दिसते. डावीकडे तर भोकच पडलंय, बोट आरपार जातं. भोकाच्या कडेला पांढरे दोरे सुटलेत आणि त्यांच्यातून केसाएवढे बारीक रबरी धागे डोकावतात. त्यातला एक मी ओढून बघितला. तो परत आत गेलाच नाही.

दवाखान्यातून घरी आल्यापासून ही रोज हीच जीन्स घालते. सुरुवातीला कमरेचं बटण लागायचं नाही तर रबर अडकवून घालायची. आता लागतं. संध्याकाळी धुते, सकाळी थोडी ओलसर असली तरी चढवते. कपाटात आणखी आहेत. नवीन घेऊ या का म्हटलं, तर म्हणाली, कशाला. मी काय समजायचं ते समजलो. ही जीन्स आधीची आहे. मुलीच्या आधीची.

तू विचारलं होतंस की नक्की काय झालं. मी जानेवारीत भाऊजींना कळवलं होतं तेवढंच. ती पोटातच गेली. त्यानंतर हिचं रक्त थांबेना म्हणून हिला भूल देऊन आत नेलं. ही शुद्धीवर येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. आता हिची तब्येत ठीक आहे. कामावर जाते. मीही ठीक आहे.

ठिगळाचं तेवढं सांग. मशीन नाही, हातानंच करायचंय.

तुझा,
गुंड्या

*

१८ मार्च

प्रिय गुंड्या,

शर्टाची गुंडी तुटली तर पिन लावून शाळेत जायचास, आईनं शेवटी तुझं नावच गुंड्या पाडलं. तो तू सुई मागतोयस. हे बघायला ती हवी होती.

तुझं अक्षर बघून जीव भांड्यात पडला. मी यायला हवं होतं, मला कळतंय. सासूबाईंचं खाटेवरून उठणं बंद झाल्यापासून मला कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतसुद्धा जाता येत नाही. माझं शिवणाचं दुकानही आता घराच्या पुढच्या खोलीतच आणलंय. अर्धा टाका घालायचा आणि आतून हाक आली की उठायचं. असो.

आता नीट वाच. पहिली गोष्ट, भोकाएवढं ठिगळ कापायचं नाही. सगळे नवशिके हीच चूक करतात. भोकाच्या भोवतीचं कापडही मेलेलंच असतं, ते फक्त अजून फाटलेलं नसतं. बोटांनी चाचपत जा, जिथे कापड हाताला जाड लागेल तिथपर्यंत ठिगळ पोचलं पाहिजे. त्याला कोपरे ठेवू नकोस. अंड्यासारखं गोलसर काप. कोपरा असला की तिथून उसवायला सुरुवात होते.

दुसरं, ठिगळाचं कापडही ताणलं जाणारंच हवं. आणि जीन्स ज्या दिशेनं ताणली जाते, म्हणजे आडवी, त्याच दिशेनं ठिगळही ताणलं गेलं पाहिजे. आधी ते धुऊन घे, म्हणजे आटायचं तेवढं आटून जाईल. मग जीन्स उलटी करून आतून लाव. आधी कच्चा धावदोरा घाल. शिवताना कापड ओढायचं नाही. सपाट टेबलावर तर मुळीच शिवू नकोस, आत टॉवेलची गुंडाळी घाल, म्हणजे पायाचा आकार येईल. टाका नागमोडी आणि सैलसर. सरळ आणि घट्ट टाका घातलास तर ती पहिल्यांदा खाली बसेल तेव्हाच दोरा तुटेल. आणि कडक इस्त्री फिरवू नकोस. त्यातलं रबर मरतं.

सोबत गोल टोकाच्या सुया पाठवतेय. टोकदार सुई त्या रबरी धाग्यांना भोसकते, ही बाजूनं सरकते. दोरा आणि जुन्या जीन्सचे तुकडेही आहेत, रंग जुळेल तो घे.

दोघं वेळेवर जेवता ना? तुला दुकानात सांभाळून घेतात का? ते चष्म्याच्या काचांचं काम डोळ्यात तेल घालून करायचं, मन थाऱ्यावर नसताना कसं जमतं, हाच विचार येतो. लिही.

तुझी,
ताई

*

२ एप्रिल

प्रिय ताई,

पार्सल मिळालं. पण ते यायच्या आधीच मी उद्योग करून बसलो होतो. घरात जुनी कॅनव्हासची पिशवी होती. भक्कम कापड म्हणून तिचा चौकोन कापला आणि घट्ट शिवून टाकला. ठिगळाला काहीही झालं नाही. त्याच्या कडेनं जीन्सच फाटली, ब्लेडनं कापल्यासारखी. ही कामावरून आली आणि जीन्स काढून माझ्यासमोर ठेवली.

मग तू सांगितलंस तसं केलं. कॅनव्हास उसवला. दुकानात काच फ्रेममध्ये बसवताना कड घासतो तशी ठिगळाची कड गोल केली. टॉवेलच्या गुंडाळीवर शिवलं. पहिल्यांदा टाके ओबडधोबड आले, ते काढून परत घातले. दुसऱ्या खेपेला बरे आले. आतून ठिगळ दिसतं, बाहेरून फक्त थोडा गडद डाग वाटतो. हिनं घातली, उठून बसून बघितलं, आतून बोट फिरवलं आणि म्हणाली, टोचत नाही.

एरवी ही बोलत नाही. म्हणजे दूध संपलंय, दार लाव, एवढं बोलते. पण बोलत नाही.

वरच्या मजल्यावरच्या काकू येऊन गेल्या. बराच वेळ बसल्या. जाताना म्हणाल्या, "आभाळच फाटलं, तर ठिगळ कुठे लावणार?" मी मनात म्हटलं, आधी चाचपून बघावं लागेल, चांगलं कापड कुठपासून सुरू होतंय ते. मग मला हसू आलं. काकूंनी पाहिलं. त्यांना विचित्र वाटलं असेल. मला नंतर काहीच वाटलं नाही. हल्ली असंच होतं. वाटायला पाहिजे ते सगळं कळतं, पण वाटत नाही. दात काढल्यावर गाल बधिर होतो, आपणच तो चावत राहतो, तसं.

दुकान ठीक. नेहमीसारखं काम आहे.

एक विचारायचं होतं. उजवीकडची मांडी अजून फाटलेली नाही, पण विरलीय. तिथे आताच आतून अस्तर लावलं तर चालेल का? आणि बसायच्या जागी? गुडघ्याला? तुकडे अजून असले तर पाठव.

तुझा,
गुंड्या

*

११ एप्रिल

प्रिय गुंड्या,

उजवीकडे आताच लाव. फाटायची वाट बघण्यात शहाणपणा नाही. पातळ तुकडा घे, मध्ये बारीक धावदोऱ्याच्या चार-पाच ओळी मार, म्हणजे विरलेलं कापड त्याला धरून राहील. पण गुडघे आणि बसायची जागा हात लावून बघ आधी. कापड धड असेल तर उगाच ठिगळ नको. जाड आणि पातळ जिथे भेटतात तिथे सगळा ताण येतो. एका गिऱ्हाइकाला मी नको नको म्हणत असताना सगळीकडे अस्तर लावून हवं होतं. शेवटी ती पँट अंगात घालायच्याऐवजी कोपऱ्यात उभी करून ठेवता येईल अशी झाली.

आता जरा दुसरं. गुंड्या, तिला बोलतं कर. ती एकच जीन्स धरून बसलीय यातच सगळं आलं. बाईमाणूस असं एका वस्तूत अडकून बसलं की बाहेर काढावं लागतं. तिला घेऊन कुठेतरी फिरून ये. नवी जीन्स घे, आणि ही जुनी गुपचूप माझ्याकडे पाठवून दे. तू पहिल्यापासून धीराचा, आता तूच तिला सांभाळलं पाहिजेस.

तुकडे पाठवतेय. पण तुला हवेत म्हणून, जीन्सला हवेत म्हणून नाही.

तुझी,
ताई

*

२० एप्रिल

ताईंना सप्रेम नमस्कार,

मी तुम्हाला असं पत्र कधी लिहिलं नाही. तुमचं पत्र टेबलावर उघडंच होतं, ते वाचलं. तो लपवून ठेवत नाही. लपवायलाही उठावं लागतं.

ताई, तो दुकानात जात नाही. दवाखान्यातून आल्यापासून एकदाही गेला नाही. मालक भले आहेत, स्वतः येऊन गेले. त्याचं स्टूल तसंच ठेवलंय म्हणाले, तुझ्यासारखी काच बसवणारा दुसरा नाही म्हणाले. यानं मान हलवली. ते गेल्यावर पुन्हा टेबलाशी बसला, दोन्ही हात पालथे टेबलावर ठेवून. मी सकाळी निघते तेव्हा तसा बसलेला असतो आणि परत येते तेव्हाही तसाच असतो.

आणि ती जीन्स. तुम्ही दोघांनी मिळून तिच्यावर एवढा विचार केलाय की मला बोलायचा धीर होत नाही. पण मी तिच्यात अडकलेली नाही. दवाखान्यातून आल्यावर खुर्चीवर सगळ्यात वर होती म्हणून घातली. दुसऱ्या दिवशीही वरच होती. कपाट उघडायचं तर तिथे बाळाचे कपडे होते, म्हणून उघडलं नाही. एवढंच कारण. भोक पडल्यावर मी ती फडक्यासाठी बाजूला काढली होती. कात्री आणायला आत गेले आणि परत येऊन बघते तर हा ती खिडकीसमोर धरून उभा. मला म्हणाला, "आपल्याकडे सुई आहे का?"

घरी आल्यापासून त्यानं मला विचारलेली ती पहिली गोष्ट. मग मी काय कात्री चालवणार? सुई शोधून दिली.

त्यानं शिवली म्हणून मी घातली. घातली म्हणून परत विरली, विरली म्हणून तो परत शिवतो. आता तर विरलं नाही तिथेही आतून तुकडे लावतोय. संध्याकाळी मी धुते, पण सकाळी दोरीवरून काढून माझ्या खुर्चीवर तोच ठेवतो. त्या जीन्सचं वजन इतकं झालंय की दोरी खाली येते. उकिडवं बसलं की पायाला मुंग्या येतात. पण शिवताना त्याचे हात चालतात, ताई. मी समोर भाजी निवडत बसते आणि बघते. तेवढा वेळ तो घरात असल्यासारखा वाटतो.

मी बोलत नाही असं त्यानं तुम्हाला लिहिलं असेल. खरं आहे. मला एकच बोलायचंय, आणि ते विचारायचंय. मी तिला पाहिलं नाही. मला जाग आली तेव्हा पोट रिकामं होतं आणि खोलीत नुसता कपड्यांचा वास होता, धुतलेल्या चादरींचा. यानं पाहिलं. घरी सोडायच्या दिवशी नर्सबाई मला म्हणाल्या, तुमच्या मिस्टरांनी बराच वेळ मांडीवर घेतलं होतं हो. त्यांना वाटलं मला माहीत आहे. मीही माहीत असल्यासारखी मान हलवली.

तो कधी काही बोलला नाही. मी विचारत नाही, कारण मला भीती वाटते. आता निदान हात तरी चालतात.

हे मी लिहिलंय ते त्याला कळवू नका. तुमच्या पत्रात जीन्सबद्दल लिहीत राहा. पण गुडघ्याला नको म्हणून सांगा.

तुमची,
धाकटी वहिनी

*

२७ एप्रिल

गुंड्या,

तू दुकानात जात नाहीस हे मला कळलं. कसं कळलं ते विचारू नकोस. मला लिहितोस नेहमीसारखं काम आहे म्हणून, आणि मी खुळी तुला धीराचा म्हणून पाठ थोपटतेय.

तू लेकीला मांडीवर घेऊन बसला होतास. तिच्या आईनं तिला पाहिलंसुद्धा नाही. आणि तू त्या माउलीला एक शब्द सांगितलेला नाहीस. सांग. पत्र वाचून झालं की सांग. ठिगळं लावायचं आता पुरे. त्या जीन्सच्या आडून किती दिवस बसणार आहेस?

रागावून लिहिलं असलं तरी माया आहे म्हणून लिहिलंय.

ताई

*

३० मे

ताईंना नमस्कार,

मी सांगू नका म्हटलं होतं आणि तुम्ही सांगितलंत. मला राग आला होता, म्हणून इतके दिवस लिहिलं नाही. राग अजून थोडा आहे. तरी जे झालं ते तुम्हाला कळायला हवं, म्हणून लिहिते.

तुमचं पत्र वाचून त्यानं घडी घातली, सुया-दोऱ्यांचा डबा कपाटावर ठेवला आणि टेबलाशी जाऊन बसला. परत हात पालथे. माझ्याकडे बघणंही सोडलं. मी खोलीत आले की तो पाणी प्यायला उठायचा. सकाळी खुर्चीवर जीन्स नसायची, मीच दोरीवरून काढून घालायची. का घालत होते, मला विचारू नका. दुसरं काही सुचत नव्हतं.

गेल्या आठवड्यात रोपवाटिकेत मोठ्या कुंड्या हलवायच्या होत्या. मी खाली बसले, कुंडीला हात घातला आणि काकडी मोडावी तसा आवाज आला. बसायच्या जागेपासून पार गुडघ्यापर्यंत फाटली. तुम्ही त्याला बजावलं होतंत ना, जाड आणि पातळ जिथे भेटतात तिथे, बरोबर तिथूनच. शेजारच्या वाफ्यावरच्या माळीबुवांनी लगेच पाठ फिरवली आणि त्या पाठमोऱ्या अवस्थेतच मला खताचं रिकामं पोतं दिलं. मी ते कमरेला गुंडाळलं. आणि मला हसायला यायला लागलं. इतकं की कुंडीवरच बसले. माळीबुवा मागे न बघता विचारत होते, बाई रडताय का, कोणाला बोलावू का. मला सांगताही येईना.

तशीच पोत्यात घरी आले. भर दुपार होती. तो टेबलाशी होता. मी त्याच्यापुढे उभी राहिले, पोतं सोडलं आणि पाठ फिरवून दाखवलं.

त्यानं वाकून फाटलेली कड बघितली. मग म्हणाला, "हे शिवता येणार नाही."

मी म्हटलं, "तरी शिव."

मीच स्टुलावर चढून डबा खाली काढला. टॉवेल गुंडाळून जीन्स काढून दिली आणि या खेपेला समोर नाही, त्याच्या शेजारी बसले. त्यानं दोरा ओवला. दोन-तीनदा चुकला, मग ओवला गेला. पहिले टाके घातले. मी त्याच्या बोटांकडे बघत होते, तोंडाकडे बघितलं असतं तर माझ्यानं झालं नसतं. मी विचारलं,

"केस होते का तिला?"

सुई थांबली. मला वाटलं, गेलं, आता हा उठणार. मग सुई परत चालू झाली.

"होते," तो म्हणाला. "खूप होते. ओले होते. वाळल्यावर उभे राहिले."

मग मान वर न करता तो सांगत गेला. मी मध्ये मध्ये विचारत होते. बोटं लांब होती. नखं इतकी वाढलेली की कापायला झाली होती. मनगटाजवळची कातडी सालपटासारखी सुटत होती. एक कान दुमडून चपटा झाला होता, तो त्यानं बोटानं सरळ केला, तर परत दुमडला. मान धरत नव्हती, म्हणून कोपरात धरली. मांडीवर घेतली तर तिचे पाय त्याच्या पोटाला टेकत होते.

मी विचारलं, थंड होती का. हे मला सगळ्यात जास्त विचारायचं होतं.

तो म्हणाला, "नाही. गरम होती. तुझी ऊब होती ती. मी दुपट्यात गुंडाळत राहिलो, जाऊ नये म्हणून. पण गेली."

तो शिवत होता. मी म्हटलं, मला सांगायचं होतंस. तो म्हणाला, "वाटलं, तू विचारलंस की सांगू." मी म्हटलं, "मला वाटलं, तू सांगशील."

तेवढ्यात माझं लक्ष गेलं. त्यानं टॉवेलची गुंडाळी घातलीच नव्हती. पायाचं पुढचं आणि मागचं कापड एकातच शिवत चालला होता. मी थांबवलं नाही. गुडघ्यापर्यंत पोचला, दोरा तोडला, जीन्स उचलून धरली आणि तेव्हा त्याला दिसलं. म्हणाला, "यात पाय जायचा नाही."

आणि मग तो रडला. लहान मूल रडतं तसा, तोंड उघडं टाकून. मी त्याचं डोकं धरलं. मला रडू आलं नाही. अजूनही येत नाही. पण त्याच्या डोक्याचं वजन हाताला लागत होतं, ते कळत होतं. बऱ्याच दिवसांनी काहीतरी हाताला लागल्यासारखं वाटलं.

सोमवारी तो दुकानात गेला. अर्धा दिवसच. परत आला आणि झोपला. काल पुन्हा गेला. मी कपाट उघडलं. बाळाचे कपडे खालच्या खणात ठेवले आणि दुसरी पँट काढली. घरात फार काही बदललंय असं नाही. आम्ही गप्पच असतो. पण आता तो मी आले की उठून जात नाही.

त्याला तुम्ही लिहा. तुमच्या पत्राची तो वाट बघतोय, पण म्हणणार नाही.

तुमची,
वहिनी

*

८ जून

प्रिय गुंड्या,

मी मागच्या पत्रात आगाऊपणा केला. तुझ्या बायकोनं विश्वासानं सांगितलेलं तुझ्यावर फेकून मारलं. बायको भली म्हणून निभावलं. तिला वेगळं लिहितेच आहे.

आता माझं ऐक. इथे दुकानात बायका येतात, कडेवर मुलं असतात. कोणी म्हणतं, भाच्याच्या बारशाला जायचंय, ब्लाउज लवकर द्या. मी देते. मला भाची झाली होती हे मी इथे कोणालाही सांगितलेलं नाही. सांगायचं तर झाली होती म्हणू, की होती म्हणू, की होणार होती म्हणू, तिथेच गाडं अडतं. तुझे भाऊजी विषय निघाला की रेडिओ लावतात. सासूबाईंना सांगितलं होतं, त्या विसरल्या, आणि अजून मधूनच विचारतात, तुझ्या भावाला काय झालं गं? मुलगी, म्हणते मी. त्या म्हणतात, छान. मग मी त्यांची उशी सारखी करते.

मी शिवण बंद ठेवलं नाही, रडतही बसले नाही. पण मशीनवर बसले की पाय आपोआप चालतात आणि मी तिथे नसते. एकदा एका बाईच्या ड्रेसला दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या.

जीन्सबद्दल आता काही लिहू नकोस. मी तिची आत्या आहे ना? मग मलाही सांग. सगळं नको, तुला झेपेल तेवढंच. कोणासारखी होती?

तुझी,
ताई

*

१६ जून

प्रिय ताई,

लिहायला बसलो तेव्हा ही शेजारी येऊन बसली. म्हणाली, मोठ्यानं वाचत लिही. म्हणून वाचत लिहितोय.

केस हिच्यासारखे, ते हिला सांगितलंय. कपाळ बाबांसारखं रुंद. हनुवटी कोणाचीच नव्हती, तिची तिचीच होती. पायाचे अंगठे माझे, पुढच्या बोटापासून फटकून उभे असलेले. हे मी आत्तापर्यंत हिलाही सांगितलं नव्हतं, त्यामुळे ही आता माझे पाय बघतेय.

आणि नाक तुझं होतं. अगदी तुझं. मध्ये जरासं बसकं आणि शेंड्याला वर. डाव्या बाजूला किंचित वळलेलं. मी तिथे बसलो होतो आणि मला सारखं वाटत होतं की हे नाक मी कुठेतरी पाहिलंय. मग लक्षात आलं. माझ्याशिवाय ते कोणी पाहिलेलं नाही, आणि तू इतक्या लांब. मी कोणाला सांगणार होतो?

ही म्हणतेय, तुमचं नाक नीट आठवत नाही, एकदा येऊन दाखवून जा. सासूबाईंना सोडून तुला येता येणार नाही, ते माहीत आहे. आम्हीच येऊ. मालकांना विचारतो.

तोपर्यंत आरशात बघ. तशी होती.

तुझा,
गुंड्या